‘नक्की मतदान करणार’ म्हणणारे ८०८ जण
फडके रोडवरच्या आमच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला, तो अमेरिकेतील आयोवा राज्याच्या एका मतदानपूर्व चाचणीवरून. ॲन सेल्झर यांच्या संस्थेची ही चाचणी २ नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे अध्यक्षपदाच्या मतदानाच्या तीन दिवस आधी प्रसिद्ध झाली आणि तिने कमला हॅरिस यांना ४७, तर डोनाल्ड ट्रम्प यांना ४४ टक्के दिले होते. प्रत्यक्षात ट्रम्प यांनी ते राज्य सुमारे १३ टक्क्यांनी जिंकले.

आमच्या वकील मित्राचे म्हणणे असे की, तीस लाखांहून अधिक वस्तीच्या राज्याचा कल ८०८ जणांना फोन करून सांगणे हेच मुळात चूक आहे. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या मास्तरांना ते मान्य नव्हते. ८०८ जणांच्या नमुन्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास चूक संभवते. ती एका उमेदवाराच्या आकड्यातली, आणि दोघांमधील अंतरात ती जवळजवळ दुप्पट होते. तरीही १६ टक्क्यांची तफावत तिच्यात बसत नाही. “शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच आचेवर शिजलेला असतो. इथे फोन उचलणारे आणि न उचलणारे वेगळे निघाले असावेत,” असे ते म्हणाले.

खरा पेच त्यापुढचा आहे: मतदानाला जाणार कोण? सेल्झर यांनी ‘नक्की मतदान करणार’ किंवा ‘केले आहे’ असे सांगणाऱ्यांनाच मोजले. जनमत चाचण्या घेणारी गॅलप ही अमेरिकी संस्था मात्र मागच्या निवडणुकीत मत दिले होते का, मतदान केंद्र कुठे आहे हे ठाऊक आहे का, अशा अनेक प्रश्नांची चाळणी लावत असे. तरी २०१२ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिच्या संभाव्य मतदारांत, म्हणजे या चाळणीतून उरलेल्यांत, मिट रॉम्नी एका टक्क्याने पुढे दिसले आणि बराक ओबामा जवळपास चार टक्क्यांनी जिंकले.

नमुन्यात कमी आलेल्या गटाची उत्तरे जास्त वजनाने आणि जास्त आलेल्याची कमी वजनाने मोजतात, त्या वजनाला भारांक म्हणतात. सेल्झर यांनी उत्तरांना भारांक दिले ते वय, लिंग आणि काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, मतदारसंघ एवढ्यांवरच. मागच्या वेळी कोणाला मत दिले, याचाही भारांक त्यांनी द्यायला हवा होता, असा मास्तरांचा आग्रह होता. कारण फोन उचलणारा पन्नाशीचा पुरुष न उचलणाऱ्यासारखाच मत देईल, हे वयाच्या भारांकाने सिद्ध होत नाही. मला हे पटते. पण आजच्या उत्तरांना कालच्या निकालाशी बांधले, तर मतदार खरोखरच फिरल्यावर ते कळणार कसे? २०२० मध्ये याच संस्थेच्या शेवटच्या चाचणीत ट्रम्प सात टक्क्यांनी पुढे होते आणि ते आठ टक्क्यांहून थोड्या अधिक फरकाने जिंकले. म्हणून २०२४ मध्ये सेल्झर यांनी इतरांशी न जुळणारा आकडा दडवून न ठेवता छापला, हे मला आजही योग्य वाटते. सर्वांनी एकमेकांचे पाहून आकडे सारखे केले, तर दहा चाचण्यांतून एकीइतकीच माहिती मिळेल.

वकिलाने मोबाइलवर त्या चाचणीचे निवेदन काढून संभाव्य मतदाराची व्याख्या मोठ्याने वाचली आणि विचारले, “नक्की जाणार म्हणणारे सगळे जातात का?” मास्तरांनी नकारार्थी मान हलवली, आणि चर्चा तिथून पुन्हा सुरू झाली.