बंधाऱ्याला पैसे मिळतात, ताईंच्या पगाराला मिळत नाहीत

शेतकऱ्यांसोबत काम करणाऱ्या संस्थेला देणगी देताना हमखास विचारलं जातं, "आमच्या पैशातले गावात किती जाणार आणि तुमच्या पगारात किती?" विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण पगारात गेलेला पैसा गावात गेलाच नाही, हा त्यामागचा समज मला अजिबात मान्य नाही.

नाल्याचं खोलीकरण जेसीबी लावून उरकता येतं. अडवलेलं पाणी कोणी किती घ्यायचं, हे ठरायला मात्र वर्षं जातात. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायतीचं काम उभं केलं. पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर, माणशी अर्ध्या एकरापुरतं. भूमिहीनांनाही वाटा. ऊस घ्यायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. हिवरे बाजार या गावात पाऊस किती झाला ते बघून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पिकं ठरवतात. हे सगळं माणसांशी बोलून, भांडून, पुन्हा बोलून होतं.

अशी एक बैठक मी पाहिली आहे. दिवाळी झालेली, रात्रीची जेवणं उरकून लोक देवळात जमलेले. संस्थेच्या ताईंनी दिवसभर विहिरींत टेप सोडून पातळ्या मोजल्या होत्या, त्या फळ्यावर लिहिल्या. एक काका तावातावाने उठले, "विहीर माझी, मोटर माझी. तू कोण सांगणार गहू करू नको म्हणून?" ताई म्हणाल्या, "मी नाही सांगत काका. तुमच्या खालच्या विहिरीचा आकडा बघा, मग तुम्हीच ठरवा." काका निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई त्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. गव्हाऐवजी कमी पाण्यावर येणाऱ्या हरभऱ्याचं बोलणं तिथे सुरू झालं.

त्या सकाळचा फोटो अहवालात येत नाही, तिच्यावर कोनशिलाही बसत नाही. आणि निधी कमी पडला की पहिली कात्री लागते ती नेमकी ताईंच्या मानधनाला.

वर कायद्याचं कारण पुढे केलं जातं. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी करायच्या खर्चाच्या, नियमांत प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, हे खरं. पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावर आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा, त्यावर देखरेख ठेवण्याचा खर्च त्यात धरतच नाहीत. ताई विहिरी मोजतात ते राबवणं नाही तर काय? मार्चअखेर पैसे संपवण्याची घाईही सक्तीची नाही. प्रकल्प 'चालू' म्हणून मंजूर केला, तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे ३ वर्षं तो चालवता येतो.

परदेशी निधीचं दार तर त्याबाबतच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर आणखी अरुंद झालं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने दुसरीला तो निधी देणंच बंद झालं. मोठ्या संस्थांच्या आधाराने तालुक्यात काम करणाऱ्या छोट्या संस्थांना याचा फटका बसला. गावातली माणसं ओळखणारे लोक बहुतेक तिथेच असतात, म्हणून याचं मला जास्त वाईट वाटतं.

तुमच्यापैकी कोणी कंपनीच्या सीएसआर समितीवर असेल, कोणी दरवर्षी स्वतःच्या खिशातून देत असेल. पुढचा प्रस्ताव समोर आला की मानधनाच्या रकान्यावर काट मारू नका. उलट विचारा, गावात राहून काम करणाऱ्या माणसाला तुम्ही किती देता, वेळेवर देता का, आणि बंधारा बांधून झाल्यावरही ती व्यक्ती गावात राहावी यासाठी आणखी किती लागतील?