फुकटची टूल्स म्हणे फक्त कॉलेजच्या पोरांसाठी!

आपल्या बेळगावच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'ओपन सोर्स टूल्स कॉलेज प्रोजेक्टला ठीक, धंद्याला नाही. जिरा नसेल तर ते अजाईलच नव्हे, अडलं तर सपोर्ट नाही, कोड उघडा म्हणजे चोराला आमंत्रण.' ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही उघडून बघता येतो ते. मेसेज तिसऱ्यांदा आला तेव्हा राहवलं नाही.

आधी जिराचं, म्हणजे टीमच्या कामांची नोंद ठेवायच्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरचं. अजाईल म्हणजे छोट्या-छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत; तिचा जाहीरनामा, अजाईल मॅनिफेस्टो, २००१ चा, अमेरिकेतल्या युटाच्या स्नोबर्डला सतरा जणांनी बसून लिहिलेला. जिरा आला २००२ ला. म्हणजे बारसं झालं तेव्हा पाळणा आलाच नव्हता की हो! आमची उद्यमबागची पाच जणांची टीम रेडमाइन (कामांची नोंद ठेवायचं ओपन सोर्स टूल) आणि भिंतीवरच्या चिठ्ठ्यांवर स्प्रिंट, म्हणजे कामाचे छोटे टप्पे, चालवते, काही अडत नाही.

सपोर्टचं म्हणाल तर, गेल्या पावसाळ्यात नव्या मशीनवर सोनारक्यूब (कोडमधल्या चुका शोधणारं टूल) चालूच होईना, त्याची नोंद म्हणजे लॉग उघडला तर त्यातच लिहिलेलं की लिनक्सचं मॅक्स मॅप काउंट (मेमरीची एक मर्यादा) कमी पडतंय, वाढवा. एक ओळ टाकली, काम झालं. त्याच महिन्यात एका पेड टूलच्या तिकिटाला आठ दिवसांनी उत्तर आलं, रिस्टार्ट करून बघा म्हणून.

आता चोराचं, हा मुद्दा जरा वजनदार आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या ओपन सोर्स लायब्ररीत बॅकडोर (चोरवाट) सापडला, घालणारा दोन-अडीच वर्षं गोड बोलून मेंटेनर, म्हणजे कोड सांभाळणारा, होऊन बसलेला. मेसेजवाल्याच्या बाजूचंच उदाहरण, मान्य. पण पकडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्याला एसएसएच (दूरच्या मशीनमध्ये शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, तो खोदत गेला, आणि सगळं समोर होतं म्हणून त्याला खोदता आलं. सोलरविंड्स कंपनीच्या ओरियन या नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चोर घुसल्याचं २०२० ला उघड झालं, तिथं कोड कुलपातच होता, तरी कित्येक महिने कुणाला पत्ता नव्हता.

आणि कोड क्वालिटी? सोनारक्यूबच्या आमच्या पहिल्याच स्कॅनला एक रिकामा कॅच ब्लॉक (एरर आला तर काय करायचं ते लिहायची जागा) सापडला. एका फाउंड्रीच्या जीएसटी बिलात राउंड ऑफ का चुकतो म्हणून आम्ही दिवाळीपासून डोकं फोडत होतो, तो एरर तिथं गपचूप गिळला जात होता.

एक गोष्ट मात्र खरी, स्वतःच्या मशीनवर चालवायच्या सोनारक्यूबच्या फुकट आवृत्तीत फक्त मेन ब्रँच (मुख्य कोड) तपासता येते, पुल रिक्वेस्टसाठी, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळायच्या आधीचे बदल तपासायला, पैसे मोजावे लागतात. आम्ही तिथं जेनकिन्स (तपासण्या आपोआप चालवणारं टूल) वर ईएसलिंट (जावास्क्रिप्टमधल्या चुका शोधणारं टूल) आणि टेस्ट लावून भागवतो. तुमची टीम मोठी असेल तर घ्या की विकत, कोण नको म्हणतंय.