पंखे फिरतात, डिस्प्ले नाही: लगेच बोर्ड बदलायला धावू नका

नवा पीसी जोडणाऱ्याच्या मोबाइलवर हा सल्ला कुठून ना कुठून येऊन पडतोच: ‘पंखे फिरले, लाइट लागले म्हणजे एसएमपीएस ओके. बीप वाजत नाही म्हणजे मदरबोर्ड डेड. रॅम खोडरबराने घासा, सीमॉसचा सेल काढून परत घाला. तरी डिस्प्ले आला नाही तर वेळ घालवू नका, बोर्ड बदलून घ्या.’ चार ओळींचा सल्ला, पण त्यापायी चांगले बोर्ड दुकानात परत जातात आणि मूळ दोष कॅबिनेटमध्ये तसाच राहतो. (एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारं युनिट, सीमॉस म्हणजे बोर्डाची सेटिंग साठवणारी मेमरी.) एकेक मुद्दा घेऊ.

‘पंखे फिरले म्हणजे एसएमपीएस ओके.’

पंख्याला फक्त १२ व्होल्ट लागतात. ते २४ पिनच्या मुख्य कनेक्टरमधून बोर्डावर येतात आणि पंखा फिरू लागतो. प्रोसेसरची वीज मात्र वेगळ्या ८ पिनच्या कनेक्टरमधून येते. तो बोर्डाच्या वरच्या कडेला, बहुधा डाव्या कोपऱ्यात असतो. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवल्यावर तिथे हात पोचत नाही, म्हणून तो जोडायचा राहतो किंवा अर्धवट बसतो. मग पंखे फिरतात, आरजीबी चमकते आणि प्रोसेसरला काहीच मिळत नाही. सगळ्यात आधी हा कनेक्टर काढून क्लिक होईपर्यंत पुन्हा बसवा. ४+४ असा दुभंगणारा तो प्रोसेसरचा. ६+२ असा दुभंगतो तो ग्राफिक कार्डाचा. दोघांच्या खाचा वेगळ्या असतात, त्यामुळे जोर लावावा लागत असेल तर केबलच चुकीची आहे. मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलांचा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या ब्रँडच्या केबल वापरू नका. बोर्डाकडचं टोक सारखं असतं, पण एसएमपीएसकडची जुळणी वेगळी असू शकते, आणि त्यात डिस्क किंवा बोर्ड जळतो.

हिरवी आणि काळी तार क्लिपने जोडून एसएमपीएस सुरू करून बघणं ही चाचणी अपुरी आहे. युनिट सुरू होतं, एवढंच त्यातून कळतं. पीसी चालू असताना २४ पिनच्या कनेक्टरच्या मागून मल्टिमीटर लावा: पिवळी तार ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७. करड्या तारेवर सुमारे ५ व्होल्ट हवेत. सगळे व्होल्टेज स्थिर आहेत असा तो एसएमपीएसचा इशारा असतो आणि तो मिळेपर्यंत बोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्येच धरून ठेवतो. पंखे फिरतात आणि बाकी सगळं गप्प, याचं हेही एक कारण. बऱ्याच नव्या युनिटमध्ये सगळ्याच तारा काळ्या असतात. तिथे रंगावर न जाता पिन मोजा. करड्या तारेची पिन ८ क्रमांकाची.

जाता जाता: कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या की खापर एसएमपीएसवर फुटतं. बहुतेक वेळा घरातल्या सॉकेटला अर्थिंगच नसतं. एसएमपीएसच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळे अर्थिंग नसलेली कॅबिनेट २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहते. एसएमपीएस बदलण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

‘बीप नाही म्हणजे बोर्ड डेड.’

बीप वाजवायला स्पीकर लागतो आणि आजच्या बहुतेक बोर्डांसोबत तो येतच नाही. चार पिनचा छोटा स्पीकर वेगळा घेऊन लावला तर बीप ऐकू येईल. (असुसच्या बोर्डावर एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे मेमरी सापडली नाही, एक लांब आणि तीन छोट्या म्हणजे ग्राफिक सापडलं नाही.) पण बहुतेक बोर्डांवर आता चार बारीक एलईडी असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. एमएसआय त्यांना ईझी डीबग म्हणतं, असुस क्यू-एलईडी. बोर्ड सुरू होताना ते क्रमाने लागून विझतात, आणि जो लागलेलाच राहतो तिथे गाडी अडली असं समजा. नव्या, रिकाम्या डिस्कच्या पीसीवर ‘बूट’चा एलईडी लागून राहिला तर तो दोष नाही, विंडोज अजून टाकलेलं नाही इतकंच. बोर्डावर दोन अंकी डिस्प्ले असेल तर आणखी सोपं: अनेक बोर्डांवर ५५ म्हणजे मेमरी बसलेली नाही, डी६ म्हणजे चित्र दाखवायला काही सापडलं नाही.

डीआरएएमचा, म्हणजे ‘डीरॅम’चा एलईडी लागलेला असेल तर थांबा. डीडीआर५ रॅमच्या पहिल्या सुरुवातीला बोर्ड मेमरीशी वेळेचं गणित जुळवत बसतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात. एएम५ (नव्या रायझन प्रोसेसरचं सॉकेट) बोर्डांवर हे विशेष जाणवतं. तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते, कधी पीसी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरूही होतो. दोन पट्ट्यांना काही मिनिटं लागू शकतात, चार पट्ट्या किंवा मोठी क्षमता असेल तर जास्त. अर्ध्या मिनिटात बटण दाबून बंद केलं की पुढच्या वेळी ट्रेनिंग पहिल्यापासून. पंधरा मिनिटं घड्याळ लावून बाजूला बसा. घाईने ‘मेलेला’ ठरवलेले बोर्ड इथेच सर्वाधिक सापडतात.

‘रॅम खोडरबराने घासा, सेल काढा.’

रॅमच्या पट्टीवरच्या संपर्कांना सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो, खोडरबर तो झिजवतं आणि कणही मागे सोडतं. जुन्या, दमट हवेत राहिलेल्या पट्टीवर हा उपाय कधी लागू पडतो. पण तिथेही पट्टी काढून पुन्हा बसवली हेच बहुधा खरं औषध असतं. डब्यातून आत्ता काढलेल्या रॅमवर घासायला काही नसतंच. पुसायचंच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सुटणारं कापड.

नव्या पीसीत रॅम चुकते ती जागेमुळे. दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट, म्हणजे ए२ आणि बी२. एकाच बाजूला खटका असलेल्या बोर्डांवर दुसरं टोक वर राहून गेलेलं दिसत नाही, म्हणून दोन्ही टोकं अंगठ्याने दाबा. मग एकच पट्टी ए२ मध्ये ठेवून बघा. पट्टी कुठलीही असो, एका बाजूचे स्लॉट कायम नापास होत असतील तर संशय रॅमवर नको, प्रोसेसरच्या सॉकेटवर घ्या. वाकलेली एखादी पिन किंवा वाजवीपेक्षा घट्ट आवळलेला कूलर अख्खा मेमरी चॅनेल घालवू शकतो. कूलरचे स्क्रू तिरपे, आळीपाळीने आणि सारखे आवळा.

सेल काढण्याने साठवलेली सेटिंग पुसली जातात. एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) लावल्यावर पीसी उठेनासा झाला तर हा योग्य उपाय. पण कोऱ्या बोर्डावर पुसायला काय आहे? उलट डीडीआर५ असेल तर ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. करायचंच असेल तर प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलेला प्रवाह संपवा, आणि क्लिअर सीमॉसच्या दोन पिन स्क्रूड्रायव्हरने पाच-दहा सेकंद जोडा.

‘तरी नाही आला तर बोर्ड बदला.’

त्याआधी मॉनिटरची केबल कुठे लावली ते बघा. वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर केबल कार्डालाच हवी. रायझन ५ ५६०० मध्ये आणि नावात ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक नसतंच, तेव्हा बोर्डाच्या एचडीएमआयवर काही येणार नाही. कार्ड उभं बसवायला जुनी, तिसऱ्या पिढीची रायझर केबल वापरली असेल तर कार्ड थेट स्लॉटमध्ये लावून बघा.

सीपीयूचा एलईडी अडला असेल तर बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) जुना असू शकतो. आधीच्या बायोसचा बी६५० बोर्ड रायझन ९००० ओळखत नाही, आधीच्या बायोसचा बी६६० तेराव्या-चौदाव्या पिढीचा इंटेल ओळखत नाही. बोर्डामागे फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर न लावताही बायोस घालता येतो: एफएटी३२ फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह, बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेलं फाइलचं नाव, ठरावीक यूएसबी पोर्ट, आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात दूर.

‘सीपीयू फॅन एरर’ असा मजकूर दिसत असेल तर पंख्याची वायर बहुधा सीपीयू फॅनऐवजी कॅबिनेटच्या पंख्याच्या पिनांवर गेली आहे, बस.

एवढं करून काहीच हललं नाही तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम, एसएमपीएस, आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक नसेल तर कार्ड. पॉवर स्विचच्या दोन पिन स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडा. इथे सुरू झाला तर दोष कॅबिनेटमध्ये आहे, बहुधा बोर्डाच्या भोकाखाली नसलेला एखादा जादा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर स्क्रूने बसतो तो धातूचा छोटा खुंटा) मागून टेकतोय. इथेही नाही झाला, आणि दुसऱ्या एसएमपीएसवर तेच, तर मग बोर्ड बदलायला न्या. नेण्याआधी प्रोसेसर काढून सॉकेटच्या पिनांचा जवळून फोटो घ्या आणि प्लॅस्टिकचं झाकण परत बसवा. वाकलेल्या पिनांना वॉरंटी सहसा लागू होत नाही, आणि झाकणाशिवाय आलेला बोर्ड घ्यायला बहुतेक दुकानदार तयार होत नाहीत.