पंखा, आलेख आणि आईची झोप

आमच्या दिवाणखान्यात रात्री साडेअकरा वाजता पिठाची गिरणी सुरू होते, असे आईचे म्हणणे आहे. ती गिरणी म्हणजे माझ्या संगणकातील ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्रांचे जड काम उपसणारा भाग, आणि आईचा पलंग तिच्यापासून चार हातांवर आहे. मी लग्नांचे व्हिडिओ संकलित करतो. लग्नसराई नेमकी पुण्याच्या उन्हाळ्यात येते, आणि हळदीच्या रात्री मिणमिणत्या दिव्यांत टिपलेल्या दृश्यांतील दाणे, ज्यांना आमच्या धंद्यात नॉइज म्हणतात, ते काढायला बसले की कार्ड आपले १७० वॉट पुरेपूर खाते, तापते आणि त्याला थंड ठेवणारे पंखे घरघरू लागतात. चित्रातला नॉइज जसजसा कमी होतो, तसतसा घरातला वाढत जातो.

यावर उपाय म्हणून मी आफ्टरबर्नर हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर उतरवून घेतले. त्यात एक आलेख असतो: आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर पंख्याचा वेग टक्क्यांत, आणि मधल्या रेघेवर माऊसने ओढता येणारे ठिपके. मी उत्साहाने असे ठरवले की ५५ अंशांपर्यंत पंखे बंद राहावेत आणि त्यानंतर थेट ४० टक्क्यांवर जावेत. मात्र खोलीतच ३५ अंश असल्यामुळे कार्ड काही काम नसतानाही ५५ च्या उंबरठ्यावरच घुटमळत होते. पंखा घुर्रर करून सुरू होई, कार्ड ५४ वर येई, पंखा थांबे, दीड मिनिटात पुन्हा घुर्रर. आई अंधारातून म्हणाली, “एक काय ते ठरव रे. चालू ठेव, नाहीतर बंद कर.”

तिने अजाणता मर्मावर बोट ठेवले होते. कान एकसुरी आवाजाला सरावतो, चढ-उताराला सरावत नाही. सॉफ्टवेअरमध्ये हिस्टेरिसिस नावाचा एक रकाना आहे, जो मी नावाला घाबरून रिकामा सोडला होता. तापमान तितके अंश उतरल्याशिवाय पंख्याने वेग कमी करू नये, एवढाच त्याचा अर्थ. तिथे ५ लिहिले आणि उभ्या कड्यासारखी रेघ घाटातल्या रस्त्यासारखी हळूहळू चढती केली, तेव्हा ती धुसफूस थांबली.

खरा पेच रेंडर करतानाचा, म्हणजे संकलित व्हिडिओची अंतिम फाईल तयार होतानाचा होता. पुष्कळ कार्डे ८३ अंशांच्या आसपास पोहोचली की स्वतःच आपला वेग घटवतात, या धास्तीने मी वरचा ठिपका शंभर टक्क्यांवर नेऊन ठेवला होता. पंख्याचा हिशेब मात्र सावकारी असतो: फेरे दुप्पट केले तर वारा जेमतेम दुप्पट मिळतो, आवाज मात्र साधारण १५ डेसिबलने चढतो, म्हणजे कानाला जवळपास तिपटीने मोठा वाटतो. आणि एवढी किंमत मोजून कार्डाचे तापमान उतरले ते ७४ वरून ७०. चार अंशांसाठी आईची झोप खर्ची घालणे हे मलाही जड गेले. शेवटी ७५ अंशांना ५५ टक्के असा तह केला, एका रविवारी जुन्या रंगाच्या ब्रशने धूळ झाडली (झाडताना पाते बोटाने धरून ठेवावे), आणि कार्डाची वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणली. हा शेवटचा उपाय मला सर्वांत आधी सुचायला हवा होता. उष्णताच कमी निर्माण झाली तर ती हाकलायला पंख्याने कशाला धापा टाकाव्यात? पाऊण तासाच्या रेंडरला जेमतेम तीन मिनिटे जास्त लागली.

त्या रात्री मी एका वरातीचे रेंडर लावले आणि श्वास रोखून बसलो. पंखे इतके मंद फिरत होते की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. आणि तिच्या मागोमाग, इतके दिवस पंख्यांच्या घरघरीखाली दडलेली, संगणकाच्या पोटातून येणारी एक बारीक, अखंड किर्रर. कार्डावरील वेटोळ्यांतून झपाट्याने बदलणारा वीजप्रवाह गेला की ती कंप पावतात आणि असा आवाज येतो. आलेखावरचा कोणताही ठिपका कुठेही ओढला तरी त्याला फरक पडत नाही. मी हे स्वतःला समजावत असतानाच दिवा लागला.

“रातकिडा शिरलाय घरात,” आई म्हणाली आणि केरसुणी घेऊन कपाटाखाली वाकली.

मी टॉर्च धरून उभा राहिलो.