बेटावर निघालात? आधी जांभळी नाका गाठा

दक्षिण पॅसिफिकमधल्या वानुआतू या देशातल्या एखाद्या आडबाजूच्या बेटावर दोन वर्षं शिकवायला जायचं पत्र आलं की पहिलं काम करायचं ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारायचं, ‘काय काय न्यावं?’ हा देश पृथ्वीच्या कुठल्या बाजूला आहे हे ठाण्याच्या घोडबंदर रोडवर ज्यांना आजच कळलं, त्यांच्याकडून अर्ध्या तासात यादी येईल. यादीचा पाया एकच: तिथे काहीच मिळत नाही. त्या बेटांवर माणसं साधारण 3,000 वर्षं राहतायत. मेतकुटाशिवाय ती कशी तगली, याचा खुलासा अजून कोणी केलेला नाही.

तुम्हाला शिकवायला पाठवणाऱ्या संस्थेची यादी मात्र उघडू नका. मच्छरदाणी, डोक्याला बांधायचा टॉर्च, रबरी सपाता, गुडघ्याखाली येणारे सुती कपडे, प्रवाळानं कापलं तर लावायला जंतुनाशक, जादा चष्मा असल्या किरकोळ गोष्टी तिच्यात असतात. ती केली तिथे राहून आलेल्या माणसांनी. त्यांना काय कळतंय? तुमची मावशी अंदमानला जाऊन आली आहे, पाच रात्री सहा दिवस. शिवाय वानुआतूत सगळे मिळून सुमारे 3 लाख लोक, आणि एकट्या ठाणे शहरात 2011 च्या जनगणनेतच 18 लाखांच्या वर होते. कोणाचं ऐकायचं ते बहुमतानं ठरलेलं आहे.

खरेदी ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारातून सुरू करा. खोबरेल तेलाच्या बाटल्या आणि सुकं खोबरं भरपूर घ्या. सुकं खोबरं परदेशी विकणं हा त्या देशाचा जुना धंदा आहे, पण आपल्या खोबऱ्याची चव वेगळी. निघताना आई हातावर दही आणि पिशवीत नारळ घालेल, तो नाकारू नका. फळं, बिया, रोपं तिथल्या विमानतळावर जाहीर करावी लागतात. त्यामुळे नव्या कामावर रुजू होण्याआधीच हातातला नारळ काढून घेतला जाण्याचा मान तुम्हाला मिळेल. अळूवडीचे उंडेही गोठवून न्या. अळकुड्या तिथलं रोजचं खाणं: कंद किसतात, नारळाचं दूध घालतात, पानांत गुंडाळून तापल्या दगडांवर भाजतात. हा लापलाप एकदा खाल्लात की बॅग उघडावीशी वाटणार नाही. म्हणून पहिले काही महिने कोणाकडे जेवायलाच जाऊ नका.

मिक्सर न्याच. 500 वॅटचा पुरे. गावात वीज नसेल, एखादं सौर पॅनेल दिवा आणि फोनपुरतं चालत असेल. दाण्याच्या कुटापुरतं ते शेजाऱ्यांकडून मागून घ्या. पिना तिथे ऑस्ट्रेलियासारख्या, चपट्या आणि तिरक्या. आपला प्लग बसणार नाही, जरा जोर लावा.

जीन्स चार आणि चामड्याचे बूट. जुलैत ठाण्यातल्या कपाटात पट्ट्यावर आलेली पांढरी बुरशी तुम्ही स्वतः पुसली आहे, पण परदेशात असं होत नसावं.

आता वजन. घरचाच काटा चालतो. आधी बाबा एकटे उभे राहणार, मग बॅग कवेत घेऊन. बॅगेआड आकडा दिसत नाही, म्हणून आई वाकून वाचणार. तेवढ्यात बाबांचा तोल जाऊन डावा पाय अलगद फरशीला टेकणार, आणि वजाबाकी बरोबर 23 किलो येणार. कोणी काही बोलायचं नाही. राजधानी पोर्ट व्हिलापर्यंत हे खपून जाईल. पुढे बेटावर जायला मोजक्या आसनांचं विमान असतं, बऱ्याच ठिकाणी गवताच्या धावपट्टीवर उतरणारं. तिथे बॅगेबरोबर तुम्हालाही काट्यावर उभं करतात, आणि पाय टेकवायला बाबा नसतात.

घरच्यांना रोज रात्री 8 ला व्हिडिओ कॉलचं वचन द्या. तिकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो, म्हणजे तुम्ही मोकळेच असाल. रेंज असलीच तर.

वादळाचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. मार्च 2015 मध्ये पॅम चक्रीवादळानं तिथे गावंच्या गावं झोपवली. अशा वेळी पासपोर्ट आणि औषधं पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवावीत असं जाणकार सांगतात. तुम्ही त्या पिशवीत चिवडा ठेवा. पासपोर्ट वाळवता येतो. चिवडा एकदा सादळला की गेला.

एवढं करून बॅगेची चेन लागत नसेल तर एक जण वर बसवा. तरीही नाही लागली, तर मच्छरदाणी काढा. मलेरिया तिथून अजून पुरता गेलेला नाही, पण तिच्या जागेत कैरीच्या लोणच्याची बरणी अगदी मापात बसते. गळणार नाही, मावशीनं झाकणाला मेण लावलंय.