स्कूबी-डूबद्दल फिरणाऱ्या गोष्टींची एकदा झडती घेऊ

स्कूबी-डू ही भुताखेतांची रहस्ये उलगडणाऱ्या चार तरुणांची आणि त्यांच्या स्कूबी नावाच्या कुत्र्याची अमेरिकन कार्टून मालिका. तिच्यातली पाच पात्रे म्हणजे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पाच शिक्षणसंस्थांची प्रतीके आहेत, ही ‘माहिती’ आमच्या साताऱ्याच्या चाहत्यांच्या ग्रुपवर नुकतीच पुन्हा एकदा येऊन गेली. फ्रेड म्हणजे ॲमहर्स्ट, डॅफ्नी म्हणजे माउंट होल्योक, वेल्मा म्हणजे स्मिथ, शॅगी म्हणजे हॅम्पशायर आणि खुद्द स्कूबी म्हणजे तिथले राज्य विद्यापीठ, अशी ती वाटणी आहे. नेहमीप्रमाणे तिच्याखाली टाळ्या आणि अंगठे यांचा पाऊस पडला. ज्या मालिकेत भुताच्या चेहऱ्यावरचा मुखवटा ओढून काढल्याशिवाय गोष्ट संपत नाही, त्या मालिकेचे आम्ही चाहते स्वतःसमोर आलेल्या गोष्टीला मात्र हातही लावून पाहत नाही, याचे मला खरोखर नवल वाटते.

ही महाविद्यालयांची गोष्ट खोटी ठरवायला फारशी खटपट लागत नाही. मालिकेचा पहिला भाग सीबीएस वाहिनीवर १३ सप्टेंबर १९६९ रोजी दाखवला गेला, आणि हॅम्पशायर महाविद्यालयात विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली १९७० मध्ये. म्हणजे ज्या महाविद्यालयातल्या ढगळ कपडे घालणाऱ्या, हनुवटीवर खुंट वाढवणाऱ्या मुलांवरून शॅगी बेतला असे छातीठोकपणे सांगितले जाते, तिथे शॅगी पडद्यावर आला तेव्हा एकही विद्यार्थी नव्हता. दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की काम झाले.

खरे मूळ मात्र या बनावट मुळापेक्षा कितीतरी रंजक आहे. १९५९ ते १९६३ या काळात अमेरिकेत ‘द मेनी लव्हज ऑफ डोबी गिलिस’ नावाची विनोदी मालिका चालत असे, आणि स्कूबी-डूची चार तरुण पात्रे त्या मालिकेतल्या चौघांवरून घडवली गेली. नायक डोबीवरून फ्रेड, त्याला झुलवणाऱ्या देखण्या थेलियावरून डॅफ्नी, हुशार आणि चिवट झेल्डावरून वेल्मा, आणि काम हा शब्द कानावर पडला तरी दचकणाऱ्या मेनार्ड क्रेब्सवरून शॅगी. (जाता जाता सांगायचे तर, झेल्डाचे काम करणारी शीला जेम्स पुढे वकील झाली आणि शीला कूल या नावाने कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात निवडून गेली. वेल्माच्या मूळ पात्राला साजेशीच ही वाटचाल म्हणायची.)

मेनार्डची ही ओळख एकदा पटली की शॅगीबद्दलची दुसरी लोकप्रिय गोष्टही आपोआप ढासळते. माझा भाचा, जो आता अकरावीत आहे, दिवाळीत घरी आला असताना अगदी खासगी आवाजात मला म्हणाला, “मामा, तुमचा तो शॅगी चरसी होता म्हणे. म्हणून त्याला सारखी भूक लागायची.” हे त्याला कोणा रीलवाल्याने शिकवले होते. मेनार्ड हा पन्नाशीच्या दशकातल्या, रूढ चाकोरी झुगारणाऱ्या ‘बीटनिक’ तरुणांचा विनोदी नमुना होता, आणि त्याची ती खुरटी दाढी, झुकलेले खांदे व कामचुकारपणा शॅगीने जसाच्या तसा उचलला. राहिला भुकेचा प्रश्न. शॅगी आणि स्कूबी या दोन घाबरट पात्रांना पुन्हा भुताच्या तोंडी पाठवायचे असेल तर त्यांना कसले तरी आमिष दाखवणे कथेला भागच असते. ‘स्कूबी स्नॅक’ नावाचा खाऊ हे त्या पटकथेचे वंगण आहे. शनिवारी सकाळी लहान मुलांसाठी दाखवल्या जाणाऱ्या कार्यक्रमात, जिथे वाहिनीचे अधिकारी भूत जरा जास्त भेसूर दिसले तरी हरकत घेत, तिथे चरसाचा गुपचूप उल्लेख घुसवला गेला असेल, ही कल्पनाच मुळात त्या व्यवसायाची माहिती नसलेल्या माणसाला सुचू शकते.

उलट शॅगीच्या खाण्याबद्दल एक गोष्ट अशी आहे, जी ऐकताना थाप वाटते आणि ती पूर्ण खरी आहे. शॅगीचा आवाज देणारे केसी केसम हे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक रेडिओ कार्यक्रमाचे नामवंत निवेदक होते, आणि वैयक्तिक आयुष्यात प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य करणारे कट्टर शाकाहारी होते. १९९५ मध्ये बर्गर किंगच्या जाहिरातीसाठी शॅगीचा आवाज देण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी नकार दिला आणि ती भूमिकाच सोडली. २००२ मध्ये ‘व्हॉट्स न्यू, स्कूबी-डू?’ सुरू झाले तेव्हा ते परतले, पण शॅगीने यापुढे मांसाहार करायचा नाही ही अट घालून. पडद्यावरच्या पात्राने आवाज देणाऱ्याच्या तत्त्वापायी आहार बदलल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही. तरीही ग्रुपवर चरसाची गोष्ट वर्षातून चारदा येते आणि ही येत नाही.

निव्वळ खोट्या गोष्टींपेक्षा मला जास्त त्रास होतो तो अर्धवट खऱ्या गोष्टींचा. ‘रॉबर्ट केनेडी यांच्या हत्येमुळे स्कूबी-डूचा जन्म झाला’ हे वाक्य त्यातलेच. १९६८ हे वर्ष अमेरिकेत रक्तरंजित गेले. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांचे खून झाले, हिंसाचाराच्या कारणांचा शोध घेण्यासाठी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी आयोग नेमला, आणि मुलांच्या कार्यक्रमांतल्या मारामारीविरुद्ध पालकांच्या संघटना आधीच आवाज उठवू लागल्या होत्या. हॅना-बार्बेरा स्टुडिओच्या ‘स्पेस घोस्ट’, ‘द हर्क्युलॉइड्स’ यांसारख्या मारधाडीच्या मालिका याच वातावरणात गुंडाळल्या गेल्या आणि शनिवारच्या सकाळी मोकळ्या झाल्या. एवढे खरे. पण मोकळी झालेली जागा कशाने भरायची, हा निर्णय बाजाराने घेतला. १९६८ च्या सप्टेंबरात सुरू झालेली ‘आर्ची’ची कार्टून मालिका आणि तिची गाणी जोरात चालत होती, म्हणून सीबीएसचे अधिकारी फ्रेड सिल्व्हरमन यांना तशीच, वाद्यवृंद चालवणाऱ्या मुलांची मालिका हवी होती, फक्त जोडीला रहस्य. सुरुवातीच्या आराखड्याचे नाव ‘मिस्टरीज फाइव्ह’ होते, त्यातली मुले गाणी वाजवीत आणि त्यांच्या कुत्र्याचे नाव ‘टू मच’ होते. पुढे ‘हूज एस-एस-स्केअर्ड?’ या नावाने हा प्रस्ताव सीबीएसच्या वरिष्ठांपुढे गेला आणि मुलांना फार भीती वाटेल म्हणून नाकारला गेला. मग सिल्व्हरमन यांनी कुत्र्याला मध्यभागी आणले, भीतीच्या जागी विनोद वाढवला, आणि त्यांच्याच सांगण्यानुसार विमानप्रवासात गायक फ्रँक सिनात्राच्या ‘स्ट्रेंजर्स इन द नाइट’च्या शेवटी येणारी ‘डू-बी-डू-बी-डू’ ही गुणगुण ऐकून त्याला नवे नाव दिले. फ्रेड हे नावसुद्धा सिल्व्हरमन यांचेच; तो आधी रॉनी होता. एवढ्या काटछाटीतून, नकारातून आणि तडजोडीतून तयार झालेली वस्तू एका खुनाच्या खात्यावर टाकून मोकळे होणे हा आळशीपणा आहे.

श्रेयाच्या बाबतीतही असेच होते. पडद्यावर हॅना-बार्बेरा ही पाटी येते म्हणून आपण स्कूबीचे जनकत्व विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांना देऊन टाकतो. ही मालिका रचली जो रूबी आणि केन स्पिअर्स या लेखकद्वयाने. दोघेही २०२० मध्ये, काही आठवड्यांच्या अंतराने गेले, आणि त्या वेळी आमच्या ग्रुपवर दोन ओळींची श्रद्धांजलीसुद्धा आली नाही.

पात्रांना चेहरा दिला तो इवाओ ताकामोटो यांनी, आणि त्यांच्या कामाजवळ थोडे थांबावेसे वाटते. जपानी वंशाच्या कुटुंबात अमेरिकेत जन्मलेल्या या माणसाला दुसऱ्या महायुद्धात, ऐन पौगंडावस्थेत, जपानी वंशाच्या अमेरिकनांसाठी उभारलेल्या मान्झानारच्या नजरकैद छावणीत डांबण्यात आले होते. चित्रकलेचे पहिले धडे त्यांनी तिथेच गिरवले. स्कूबीसाठी ‘ग्रेट डेन’ जातीचा कुत्रा ठरला तेव्हा त्यांनी स्टुडिओतल्याच एका सहकारी बाईंना गाठले, ज्या या जातीचे कुत्रे पाळून त्यांची पैदास करीत. उत्तम ग्रेट डेन कसा असावा, हे त्या बाईंनी अभिमानाने समजावून सांगितले: पाठ सरळ, पाय ताठ, जबडा रेखीव. ताकामोटो यांनी ते सगळे नीट ऐकून घेतले आणि प्रत्येक गुणाच्या नेमके उलट चित्र काढले. आता स्कूबीचे कोणतेही चित्र समोर घ्या आणि पाहा. पाठीला पोक आहे, मागचे पाय फेंगडे आहेत, हनुवटी विचित्र आहे. जातिवंत कुत्र्यांच्या प्रदर्शनात त्याला दारातूनच परत पाठवतील. तो पळू लागला की हसू येते, कारण मुळात ते शरीर पळण्यासाठी केलेलेच नाही.

मला अशीच माहिती आवडते, जी डोळ्यांनी तपासता येते. हॅना-बार्बेराने कमी पैशांत, कमी चित्रांत ॲनिमेशन उरकण्याची पद्धत रूढ केली, आणि तिच्या खुणा प्रत्येक भागात विखुरलेल्या आहेत. स्कूबीच्या गळ्यातला पट्टा नुसता शोभेचा नाही. धड स्थिर ठेवून केवळ डोके हलवायचे असेल तर जोडाची रेघ त्या पट्ट्याखाली झाकली जाते, ही युक्ती योगी अस्वलाच्या कॉलरपासून त्या स्टुडिओत चालत आलेली आहे. जुन्या वाड्याच्या भिंतीत पुस्तकांचे कपाट दिसते, त्यातली बाकीची पुस्तके ब्रशने रंगवलेली, धूसर, आणि एकच पुस्तक सपाट, भडक रंगाचे असते. ते पुस्तक ओढले जाणार आणि कपाट फिरणार हे १९९५ नंतरच्या केबलच्या दिवसांत शाहूपुरीतल्या आमच्या घरात सगळ्यांत लहान मुलालाही आधी कळायचे, कारण स्थिर पार्श्वभूमी कागदावर रंगवलेली असते आणि हलणारी वस्तू पारदर्शक सेलवर, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ तावावर, वेगळी रंगवावी लागते. त्या काळोख्या, निळ्या-जांभळ्या पार्श्वभूमींची शैली ठरवणारे वॉल्ट पेरेगॉय याआधी डिस्नेमध्ये होते. पाठलागाच्या वेळी वाजणारी गाणी पहिल्या वर्षी नव्हती, ती १९७० च्या दुसऱ्या वर्षी आली. ज्याला पहिल्या वर्षाचा भाग कोणता आणि दुसऱ्याचा कोणता हे ओळखायचे आहे, त्याने नुसते कान उघडे ठेवावेत.

भुतांच्या बाबतीत चाहत्यांचा आवडता शेरा असा की शेवटी प्रत्येक वेळी जमीन हडपणारा एखादा म्हातारा निघतो आणि ‘ही आगाऊ पोरे मध्ये पडली नसती तर’ म्हणत चरफडतो. जुने भाग पुन्हा पाहिले तर ते वाक्य प्रत्येक वेळी येत नाही आणि गुन्हाही प्रत्येक वेळी जमिनीचा नसतो. अगदी पहिल्याच भागात काळ्या चिलखतातला सरदार वस्तुसंग्रहालयात फिरतो, आणि चिलखताच्या आत निघतो त्याच संग्रहालयाचा अभिरक्षक (क्युरेटर), जो खरी चित्रे विकून त्यांच्या जागी नकली चित्रे टांगत असतो. पण भूत दिसते तेव्हा ते कोणाच्या सोयीचे आहे हे आधी विचारायचे, ही शिस्त मात्र पहिल्या भागापासून पक्की आहे. आमच्याकडे नदीकाठच्या आमराईत खवीस आहे, ही वार्ता आंब्याच्या हंगामात का जोर धरते, हे राखणदाराला विचारा.

साताऱ्यात हा विषय निघाला की डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे नाव येणारच. ते याच गावचे, आणि १९८९ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम या गावातून चालले. स्कूबीशी त्यांची तुलना काही मित्रांना पोरकट वाटते. मला त्यातला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. भानामतीच्या प्रकरणात, म्हणजे घरावर दगड पडणे, कपडे आपोआप पेटणे अशा प्रकारांत, समितीचे कार्यकर्तेही घरातलाच करणारा माणूस शोधतात, पण तो बहुधा मनाने त्रासलेला, दबलेला असतो, म्हणून त्याचे नाव चारचौघांत फोडत नाहीत. त्याला समजावून प्रकार थांबवतात. स्कूबीतला मुखवटा शेरीफ म्हणजे तिथल्या पोलीस अधिकाऱ्यासमोर, सगळ्यांदेखत ओढला जातो, कारण तिथे आत लबाड माणूस असतो. ही मालिका किती पुढचे काम करीत होती हे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९९५ मध्ये लिहून ठेवले आहे: अतींद्रिय दाव्यांचा तपास करून प्रत्येक वेळी साधे कारण शोधणाऱ्या स्कूबी-डूसारखी मालिका मोठ्यांसाठी निघाली तर ती लोकसेवा ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते.

म्हणूनच पुढे जेव्हा खरी भुते आणली गेली, तेव्हा माझ्यासारख्याचे मन उडाले. १९८५ च्या ‘द थर्टीन घोस्ट्स ऑफ स्कूबी-डू’मध्ये पेटीतून सुटलेली तेरा भुते पकडायची होती, मालिका आटोपली तरी तेरावे राहिलेच, आणि त्यासाठी २०१९ चा चित्रपट यावा लागला. १९९८ च्या ‘झोंबी आयलंड’ची तर जाहिरातच या वेळची भुते खरी आहेत अशी होती. चित्रे देखणी आहेत, वातावरण उत्तम आहे, आणि आमच्या ग्रुपमधली निम्मी मंडळी त्याला सर्वोत्कृष्ट मानतात हेही मला ठाऊक आहे. तरी प्रत्येक भुतामागे साधे कारण शोधणाऱ्या वेल्माला चूक ठरवून मिळवलेली भीती मला महाग वाटते.

स्क्रॅपीच्या बाबतीत मात्र माझे मत बहुमताच्या विरुद्ध आहे. स्कूबीचा हा आगाऊ भाचा १९७९ मध्ये आला तेव्हा मालिकेची लोकप्रियता घसरली होती आणि तेव्हा ती दाखवणारी एबीसी वाहिनी ती बंद करण्याच्या विचारात होती. त्याच्या येण्याने ती तगली. पुढच्याच वर्षी फ्रेड, डॅफ्नी आणि वेल्माला बाहेर काढून छोटे, उथळ भाग काढले गेले, तो निर्णय त्या पिल्लाचा नव्हता. २००२ च्या चित्रपटात त्याला खलनायक करून चाहत्यांच्या रागाची किंमत वसूल केली गेली, ती पटकथा कोणी लिहिली आणि कोणाच्या टाळीसाठी लिहिली, यावर ज्याला माझ्याशी भांडायचे असेल त्याने आधी १९७९ चे भाग पाहून यावे.