तारखेची पावती

निवडणूक आली की दरमहा दीड हजार, एकवीसशे असे आकडे गावोगाव फिरतात. सगळ्यांना आर्थिक सुरक्षेची हमी हवी, याला आता कुठलाच पक्ष नाही म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच, की आकडा ऐकण्याआधी तीन गोष्टी विचारा. अर्ज दिल्याची तारखेची पावती मिळते का? किती दिवसांत द्यायचं हे कायद्यात लिहिलंय का? आणि मुदत चुकली तर भरपाई कोणी द्यायची? या तिन्हींची उत्तरं असतील तर तो हक्क. नसतील तर साहेबांची मर्जी.

घटनेच्या कलम ४१ मध्ये काम आहे, शिक्षण आहे, बेकारी-म्हातारपण-आजारपणात सरकारी मदतही आहे. पण कलम ३७ सांगतं की ही मार्गदर्शक तत्त्वं, कोर्टातून वसूल होत नाहीत. वसूल करायची तर वेगळा कायदा लागतो. कामाच्या बाबतीत तो महाराष्ट्रानं देशात सगळ्यांच्या आधी केला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना, ७२चा दुष्काळ, १९७७चा रोजगार हमी कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. त्याच काळात आपल्याकडे खानदेशात, शहाद्यात आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेनं भूमिहीन भिल्ल मजुरांचा आणि सालदारांचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्यांचा, प्रश्न रस्त्यावर आणला होता, हेही विसरू नये.

या कायद्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट मात्र पैशाची होती. हमी दिली तर पैसा कुठून, याचं उत्तर आधी शोधलं. १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला आणि तेवढीच भर सरकारनं घालायची ठरवलं. नोकरदारांच्या पगारातून आजही महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, ते याच करापोटी. पाचोऱ्यातल्या मास्तरांना विचारा, कशाचे कापतात? बहुतेकांना माहीत नसतं.

आता हमी बुडते कुठे ते बघा. मनरेगात, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात, नियम साधा होता: लेखी मागणी केली की १५ दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा, पुढे किमान निम्मा. भत्ता राज्याच्या तिजोरीतून जातो, म्हणून तो द्यावाच लागू नये अशी व्यवस्था खालीच होते. कशी? मजूर ग्रामपंचायतीत जाऊन काम मागतो. तोंडी ऐकून घेतात, अर्ज ठेवून घेतात, पावती नाही. महिना-दीड महिन्यानं काम निघालं की मस्टर, म्हणजे हजेरीपट, निघतं आणि त्याच दिवशीची मागणी कॉम्प्युटरवर चढते. कागदावर मागणी आणि काम एकाच दिवशी! उशीर शून्य, भत्ता शून्य. तोवर साक्री, तळोदा, अक्कलकुव्याकडची माणसं मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन ऊसतोडीला गुजरातेत पोचलेली असतात. मग अहवालात येतं, 'मजुरांकडून मागणी नाही.'

म्हणून अर्ज दोन प्रतींत करा. घरातल्या काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव, जॉबकार्ड नंबर, कोणत्या तारखेपासून आणि किती दिवस काम हवं हे लिहा. दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. 'पावती द्या, मंग जासू,' एवढं एक वाक्य पुरतं. नाहीच दिली तर तोच अर्ज पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे आवक-जावकला टाका किंवा रजिस्टर पोस्टानं पाठवा. आणि एकट्यानं जाऊ नका. दहा-पंधरा जणांचा एकत्र अर्ज नाकारणं अवघड जातं.

मजुरी लटकते ती दुसऱ्याच कारणानं. १ जानेवारी २०२४ पासून पैसे आधारवरून जातात, म्हणजे पासबुकावरच्या खात्यात नाही तर आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात. बाईनं मध्यंतरी बचतगटासाठी दुसऱ्या बँकेत खातं काढलं, तिथे आधार दिलं, की मजुरी तिकडे. ती जुनं पासबुक घेऊन चकरा मारते, ग्रामरोजगार सेवक म्हणतो, पैसे तर पडलेत. आधी कोणत्या बँकेला आधार जोडलंय ते बघून घ्या. धडगावच्या पाड्यांवर आणखी एक भानगड: मोबाईलवर फोटोची हजेरी. डोंगरात रेंज नाही, फोटो चढला नाही, तर खोदलेला दिवस बुडाला. उशिराच्या मजुरीला भरपाई आहे, दिवसाला ०.०५ टक्के. २०२५-२६ चा दर ३१२ रुपये धरला तर सहा दिवसांच्या १,८७२ रुपयांवर रोजचे ९४ पैसे. एवढ्यासाठी कोण कशाला घाबरेल?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १००चे १२५ झाले म्हणून टाळ्या वाजल्या. पण राज्याचा वाटा ४० टक्के झाला आणि पेरणी-कापणीच्या हंगामात एकूण ६० दिवस कामं बंद ठेवायची तरतूद आली. शेतकऱ्याला मजूर मिळत नाही ही तक्रार खोटी नाही. पण कापूस वेचणीचा किलोमागचा भाव मजूर थोडाफार वाढवून मागू शकतो तो दुसरं काम हाताशी असलं तरच. ते नेमकं त्याच दिवसांत काढून घेतलं, तर त्याला हमी कशाला म्हणायचं?

निराधारांच्या योजनेत तर तीनपैकी एकाही प्रश्नाचं धड उत्तर नाही. संजय गांधी योजनेत दिव्यांग सोडून बाकीच्यांना महिना १,५०० रुपये, पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत हवं. म्हणजे महिन्याला १,७५०! विधवा बाई रावेरला केळीच्या बागेत आठवड्यातले दोन दिवस गेली तरी ती मर्यादा ओलांडते. मग दाखल्यावर खोटा आकडा लिहावा लागतो, आणि खोटा दाखला असलेला माणूस भांडत नाही. केंद्राचं म्हातारपणाचं पेन्शन ७९ वर्षांपर्यंत महिना २०० रुपये, गेल्या दीड दशकाहून जास्त काळ तेवढंच. महागाईशी बांधलेला आकडा नसेल तर हमी दरवर्षी आपोआप कमी होते, कोणाला काही कापावं लागत नाही.

सगळ्यात उघड्यावर आहे तो सालदार. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तोंडी ठरतं, वर्षभर राबतो, आणि कुठल्याच नोंदीत नसतो. मोटार चालू करताना शॉक लागून शेतमालक गेला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून घरच्यांना दोन लाख. त्याच विहिरीवर सालदार गेला तर त्याच्या नावावर सातबारा नाही, म्हणून काही नाही. मालकाकडून भरपाई मागायची तर सालदार कामाला होता याचा पुरावा लागतो, आणि कागद कोणाकडेच नसतो. ही योजना सातबाऱ्याऐवजी शेतात राबण्याशी जोडली पाहिजे, हे माझं ठाम मत.

तोवर निदान एवढं होऊ शकतं. आखाजीला ठरलेली रक्कम, उचल आणि सुरुवातीची तारीख एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, एक प्रत सालदाराकडे. आणि ३१ मेच्या आत त्याच्या खात्यात ४५६ रुपये शिल्लक राहू द्या: २० पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे, म्हणजे अपघात विम्याचे, ४३६ पंतप्रधान जीवन ज्योती योजनेचे, म्हणजे जीवन विम्याचे. अपघात विमा ७० वर्षांपर्यंत मिळतो, जीवन विम्यात पन्नाशीच्या आत शिरावं लागतं. दोन्हींचे फॉर्म बँकेत एकदाच भरायचे, पुढे हप्ता आपोआप कापला जातो. शिल्लक नसेल तर विमा गुपचूप बंद पडतो, आणि ते घरच्यांना दावा करायला गेल्यावरच कळतं.